बाहेर बांधलेला दांडा

प्रिय ॲरन आणि मिशेल,

गेल्या रविवारी ॲरनने फोनवर सांगितलं की कॉलेजात त्याला सोलेनॉइड चालवणारं सर्किट करायचं आहे. त्यातला प्रवाह स्थिर राहायला हवा, आणि लूप कॉम्पेन्सेशन काही केल्या जमत नाही. मी विचारलं, "कंडेन्सर केवढा टाकलास?" पलीकडून हसू. "आजी, तुला यातलं काय माहीत?"

मला यातलं जे माहीत आहे ते एका माणसाकडून कळलेलं आहे. त्यांचं नाव इनास रिबेलो. त्यांच्याविषयी मी घरात कधी बोलले नाही, तुमच्या आईपाशीही नाही. पण गेल्या महिन्यात बाजारात एक बाई भेटली आणि त्यापाठोपाठ ॲरनचा फोन आला, तेव्हा लिहून टाकायचं ठरवलं. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा. रिबेलो सरांबद्दल चांगलं लिहिता येईल तेवढं लिहीन. ते फार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला भाताची खाचरं भरून गाळे उभे राहत होते. त्यातल्या एका पत्र्याच्या गाळ्यात मी टायपिस्ट म्हणून लागले. निर्मळहून एसटीने स्टेशनपर्यंत यायचं आणि पूल ओलांडून चालत जायचं. गाळ्यात आम्ही चौदा माणसं होतो. मालक, म्हणजे शेठ, मुंबईत राहायचे आणि गुरुवारी यायचे. बाकीचे दिवस रिबेलो सरांचे; डिझाइनही त्यांचं आणि गाळ्याचा कारभारही.

मिशेल, तुझ्यासाठी सांगते. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं, म्हणजेच कॉइल, आणि त्याच्या पोटात सरकणारा लोखंडी दांडा. वीज दिली की दांडा आत खेचला जातो आणि झडप उघडते. पण वेटोळं तापलं की प्रवाह घटतो, ओढ कमी पडते आणि दांडा नको तेव्हा निसटतो. आम्ही बनवायचो तो डबा हा प्रवाह सतत मोजायचा. कमी पडला तर वाढवायचा, जास्त झाला तर उतरवायचा. हे वाढवणं-उतरवणं किती घाईने करायचं, तिथे खरी अक्कल लागते. घाई जास्त झाली तर प्रवाह हेलकावे खातो आणि वेटोळं शिट्टीसारखं गाऊ लागतं. घाई कमी झाली तर झडप उशिरा उघडते आणि गिऱ्हाईक ओरडतं. ती घाई एका छोट्या कंडेन्सरवर ठरते: तो लहान तर घाई जास्त, मोठा तर कमी. तो निवडणं हे रिबेलो सरांचं काम होतं आणि त्यात दुसऱ्याने बोट घातलेलं त्यांना खपत नसे.

सर गास गावचे. उंच, थोडे पुढे झुकलेले, उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्यापाशीचं बटण लावलेलं. पेन्सिल अर्ध्या ब्लेडने तासायचे, आणि तासलेल्या पेन्सिलीला कोणी हात लावला तर ती टोक मोडून फेकून द्यायचे. माणसांना ते नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. मी "निर्मळ". वेल्डिंगवाला "आगाशी". खाडीकाठच्या गावातून येणाऱ्या हिरूबायला तर गावही मिळालं नाही. ती नुसती "खाडी". "ए खाडी, इकडे ये." मला निदान अहोजाहो होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक पत्र सांगितलं आणि त्यात मुद्दाम एक इंग्रजी वाक्य चुकीचं घातलं. मी टाइप करताना ते दुरुस्त केलं. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला.

"मी टायपिस्ट मागितली होती. मास्तरीण कोणी पाठवली?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाक्य. मी शहाणपणाने जसंच्या तसं टाइप केलं.

"डोळे निर्मळलाच ठेवून आलात का?"

तिसऱ्या दिवशी मी चुकीच्या वाक्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि कागद पुढे केला. ते काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी पाहिली नाही.

त्यांच्या टेबलामागे खिळ्याला एक लांबट वही टांगलेली असे. तिला सगळे कुमसाराची वही म्हणायचे. कुमसार म्हणजे आपण ख्रिस्ती लोक फादरकडे जाऊन पापांची कबुली देतो ते. गाळ्यात ज्याच्या हातून चूक होई त्याने ती आपल्या अक्षरात त्या वहीत लिहायची, खाली सही करायची, आणि दुपारच्या सुट्टीआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. "मी झोपेत असल्यासारखा तार उलटी जोडली." "माझ्या आळसामुळे बारा स्क्रू ढिले राहिले." भाषा सरांची, अक्षर आणि सही आपली. शेजारच्या गाळ्यातला फिटर म्हणायचा, "बाप्तिस्मा न देता कुमसार करून घेणारा वसईतला हा पहिलाच!" आम्ही हसायचो, पण स्वतःचं पान वाचताना कोणाला हसू येत नसे. आगाशीवाला एकदा वाचता वाचता रडला. सर म्हणाले, "पाणी वहीवर पाडू नका, शाई पसरते."

त्याच आगाशीवाल्याने पुढे एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, यात तुमचं पान नाही ते?"

"माझी चूक दाखवा, लगेच लिहितो. शोधा की."

कोणी शोधली नाही. शोधण्याइतकं कोणाला येतही नव्हतं.

येणारा एक जण आला होता. पुण्याचा पदवीधर इंजिनियर, पदक मिळवलेला. शेठने परस्पर नेमला होता. सरांनी त्याला पहिल्या सोमवारी फळ्यासमोर उभं केलं आणि सगळ्या गाळ्याला कामं थांबवून समोर बसवलं. "हे आता कॉम्पेन्सेशन समजावून सांगणार आहेत. ऐका." तो बिचारा मनापासून शिकवू लागला. समीकरणं, आलेख, फळा भरला. अर्ध्या तासाने सरांनी हिरूबायकडे बोट केलं.

"खाडी, कळलं?"

हिरूबाय पदर सावरत उठली. "नाय सर."

"इतक्या माणसांत एकाला तरी कळलं?" सर त्या मुलाकडे वळले. "हिला कळलं नाही याचा अर्थ हिला अक्कल नाही असा नाही. तुम्हाला येत नाही असा आहे. पदक आईला दाखवा, मला कॉइल दाखवा."

मग त्यांनी फळा पुसला आणि स्वतः सांगितलं. "केळीच्या वाडीत पंप एका टोकाला, वाफा दुसऱ्या टोकाला. मधे लांब पाट. वाफा भरला की तिकडून माणूस ओरडतो, बंद कर. पंपवाला बंद करतो. पण पाटात जे पाणी आहे ते येतच राहतं. वाफा फुटतो. मग तिकडचा घाबरून दुसऱ्या खेपेला लवकर ओरडतो, वाफा कोरडा राहतो. मग पुन्हा उशिरा. असा दिवसभर गोंधळ. आता पंपवाला शहाणा असला तर काय करेल? पाट किती लांब आहे ते बघून पंप हळूहळू कमी करेल. पाट लांब तर हात सावकाश. पाट आखूड तर हात भरभर. संपलं. हेच कॉम्पेन्सेशन." आणि हिरूबायकडे बघून, "कळलं?"

"कलला," ती म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं. माझ्यासारखीला, जिच्या बापाची केळीची वाडी होती, त्या दिवशी प्रथमच वाटलं की हा माणूस शाळेत असता तर मुलांनी त्याचे पाय धरले असते. पुण्याचा मुलगा पंधरा दिवसांत निघून गेला.

हिरूबायचं काम कॉइल गुंडाळण्याचं. केसासारखी बारीक तार, हाताने फिरवायचं यंत्र, हजारो वेढे. एका बोटाने ताण धरायचा. जास्त झाला तर तार तुटते, कमी झाला तर वेढे ढिले पडतात. तिचे वेढे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक बसायचे. वय पस्तिशीचं. नवरा मिठागरात पाय गमावून घरी बसलेला, दोन मुली शाळेत. चार वर्षं ती रोजावर होती. शेठने कबूल केलं होतं की पुढच्या पहिल्या तारखेपासून तिला कायम करायचं. कागद मीच टाइप केला होता. तिने तो न वाचता येणारा कागद दोनदा हातात घेऊन पाहिला आणि मला म्हणाली, "बाय, यावर माजा नाव खंय हाय ता दाखव." मी दाखवलं. तिने त्यावर बोट नेलं, पण टेकवलं नाही.

त्याच पंधरवड्यात माल परत आला.

गुजरातेतल्या एका रंगाईच्या कारखान्याला आम्ही चाळीस डबे आणि चाळीस कॉइली पाठवल्या होत्या. झडप चटकन उघडायला हवी अशी त्यांची अट होती, म्हणून सरांनी कंडेन्सर शक्य तितका लहान घेतला होता. चाळीसच्या चाळीस परत. कॉइली गातात, दांडे थरथरतात, ट्रान्झिस्टर जळतात. शेठ गुरुवारची वाट न बघता मंगळवारीच आले आणि सरांच्या टेबलापाशी उभे राहिले.

"रिबेलो, चूक कोणाची?"

आता सर डबे कसे तपासायचे ते सांगायला हवं. त्यांच्या टेबलावर एक कॉइल कायमची स्क्रूने बसवलेली होती. दांडा आत-बाहेर आपटला की खटखट होई आणि जोडलेल्या तारा सुटत. त्यामुळे त्यांनी तो मेणाच्या दोऱ्याने बाहेर ओढून बांधून टाकला होता. कित्येक वर्षं तो तसाच. प्रत्येक डब्याचं कॉम्पेन्सेशन त्यांनी त्याच कॉइलवर बसवलेलं आणि प्रत्येक डबा त्याच कॉइलवर पास केलेला. हिरूबायच्या कॉइली मीटरवर वेगळ्या तपासून वेगळ्या खोक्यात जायच्या. डबा आणि नवी कॉइल यांची गाठ थेट गिऱ्हाइकाकडेच पडायची.

सरांनी परत आलेला एक डबा उचलून टेबलावरच्या कॉइलला जोडला. गप्प. मग तोच डबा परत आलेल्या कॉइलला जोडला. खट्‌ करून दांडा आत गेला आणि कॉइल गाऊ लागली.

"बघा शेठ. डबा तोच. माझी कॉइल गप्प, हिची गाते."

सगळ्यांनी ऐकलं. याहून सरळ पुरावा काय असतो? हिरूबाय आपल्या यंत्रावरून उठून आली. तिने परवानगी न विचारता त्या गाणाऱ्या कॉइलीचा दांडा दोन बोटांनी धरला आणि जोर लावून बाहेर ओढला. आवाज थांबला. सोडला, दांडा आत, आवाज सुरू. पुन्हा ओढला, गप्प.

"सर," ती म्हणाली, "दांडा भायेर हाय तवर गप ऱ्हाते. आत गेला का गाते. आत गेला का तिचा पाट लांब होते. तुमीच सांगला व्हता ना."

लोखंड आत शिरलं की वेटोळ्यातला प्रवाह सावकाश बदलतो, आणि सरांच्या बांधलेल्या कॉइलीत ते कधी शिरतच नव्हतं. मी त्या वेळी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एक क्षण त्यांची नजर बांधलेल्या दोऱ्याकडे गेली असं मला वाटलं. मग ते हसले.

"शेठ, ऐकलंत? आजपासून ही डिझाइन करणार. मी जातो खाडीवर चिंबोऱ्या पकडायला."

शेठ हसले. मग आगाशीवाला हसला. मग सगळे. मीही हसले असेन. हिरूबाय तशीच उभी होती, बोटांत दांडा.

"तुझी कॉइल, तुझा दांडा," सर तिला म्हणाले. "वेढे मोजताना घरचं काय काय आठवत असेल ना? लंगडा नवरा, पोरी. निर्मळ, वही काढा. हिला लिहिता येत नाही, तुम्ही लिहा."

मी वही खिळ्यावरून काढली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "माझ्या निष्काळजी हातामुळे चाळीस कॉइली वाया गेल्या आणि कंपनीचं नाव गेलं." शाळेत नन लोकांनी घोटून घेतलेलं माझं अक्षर, सुवाच्य, सरळ ओळीत. हिरूबायला सही तेवढी यायची, मुलीने शिकवलेली. तिने ती केली. वाचता येत नसल्यामुळे तिचं पान मलाच सगळ्यांसमोर वाचावं लागलं. ती शेजारी उभी राहून आपले हात बघत होती, दोन्ही बाजूंनी, उलटसुलट, जणू कोणीतरी आत्ताच तिला ते दिले आहेत.

कायम करण्याचा कागद शेठने माझ्या समोर फाडला. पहिल्या तारखेला तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या शनिवारी अर्धा दिवस होता. सगळे गेले. मी महिन्याचे कागद लावत मागच्या टेबलापाशी बसले होते. सरांना वाटलं असेल मीही गेले, किंवा माझं असणं-नसणं त्यांच्या लेखी सारखंच होतं. त्यांनी परत आलेला एक डबा टेबलावरच्या कॉइलला जोडून चालू केला, ब्लेड घेतलं आणि मेणाचा दोरा कापला. दांडा आत गेला. त्यांची कॉइल, इतकी वर्षं गप्प असलेली, गाऊ लागली.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉइलीला लावलं आणि मूठ कानाला. बराच वेळ ऐकलं. मग काम सुरू केलं. मी असं काम पुन्हा पाहिलं नाही. एक कंडेन्सर काढला, दुसरा लावला. आवाज खाली आला. तिसरा. मग त्याच्याशी ओळीने एक रेझिस्टर. कॉइल पूर्ण गप्प झाली, आणि दांडा तरीही चटकन आत गेला. त्यांनी तो पंचवीस-तीस वेळा आत-बाहेर करून बघितला. दीड तासात सगळं झालं. मग त्यांनी मान वर करून मला पाहिलं. दचकले नाहीत.

"निर्मळ, सुट्या भागांची यादी पुन्हा टाइप करा. कंडेन्सर पाचपट मोठा. एक रेझिस्टर वाढला."

मी कागद यंत्रात घातला. "आजची तारीख?"

"जुनीच ठेवा."

मी विचारलं, "आणि हिरूबाय?"

"तिचं काय?"

"तिला परत बोलवायला हवं, सर."

"बोलावलं की शेठ विचारणार, का बोलावलं." त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. "तिच्यासारख्या दहा मिळतात. माझ्यासारखा दुसरा शोधून आणा, मग मी त्या वहीत लिहितो."

"पण हे पाप आहे."

"ते फादरना सांगू. तुम्ही टाइप करा."

मी टाइप केलं. जुनी तारीख घातली, म्हणजे डबा पहिल्यापासून असाच होता असं दिसावं. त्या कागदात एकही चूक नव्हती. नवे चाळीस डबे गेले, ते बारा-तेरा वर्षं चालले असं ऐकलं. त्यांच्याबरोबर गेल्या त्या कॉइली हिरूबायनेच गुंडाळलेल्या होत्या, परत आलेल्या, पुसून पुन्हा खोक्यात भरलेल्या. बदलायचं त्यांत काही नव्हतंच.

मी पुढे आणखी पाच वर्षं तिथे होते. तुमच्या आईच्या वेळी नोकरी सोडली. सरांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी, गासला. तुमचे आजोबा आणि मी कोणाच्या तरी साखरपुड्याहून परतत होतो, आणि ते आपल्या फाटकात उभे होते. शर्टाचं बटण गळ्यापाशी लावलेलं, कानात ऐकण्याचं यंत्र. मला ओळखलं. "निर्मळ! जाडी झालात." मग आपणहून, कोणी विषय काढला नसताना, म्हणाले, "ती खाडीवाली. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. एक वेढा इकडचा तिकडे नाही."

"तिला सांगितलंत का कधी?"

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

मी ओरडून पुन्हा विचारलं. त्यांनी ऐकलं, हे मला स्पष्ट दिसलं.

"कशाला? आता तिला त्याचा काय उपयोग?"

आजोबा स्कूटरला किक मारत होते आणि ती सुरू होत नव्हती. सरांचं लक्ष तिकडे गेलं. "अहो, कार्बोरेटर तुंबलाय तो. तिला लाथा मारून काय होणार?" त्यांचंच बरोबर होतं. आम्ही वळणापर्यंत स्कूटर ढकलत नेली. मागे पाहिलं तेव्हा ते फाटकावर हात टेकून आमच्याकडे बघत हसत होते.

ते वारले तेव्हा मी अंत्यविधीला गेले नाही.

गेल्या महिन्यात वसईच्या बाजारात एक म्हातारी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. तिने माझा हात धरला. "बाय, वलखला का?" हिरूबाय. ऐंशीच्या आसपास असेल. नवरा केव्हाच गेला. मुली आपापल्या घरी. मधल्या वर्षांत तिने लोकांची भातं लावली, सुकी मासळी विकली, धुणी धुतली. कारखान्यात पुन्हा गेली नाही. मी विचारलं का नाही गेलीस, किती गाळे झाले मग, कॉइलवाल्या बायका सगळ्यांना हव्या होत्या.

"कशी जानार बाय? माज्या हातानं चालीस कॉयली फुकट गेल्या. पोरीनाबी सुई-दोऱ्याच्या कामाला नाय पाठवला. म्हटला, आयचा हात लागला असंल त्येंना."

मी तोंड उघडलं, आणि मेथी केवढ्याला दिली ते विचारलं.

तो गाळा आता नाही. तिथे फर्निचरचं दुकान आहे. वहीचं काय झालं मला माहीत नाही. शेठ गेले, सर गेले, आगाशीवाला गेला. हिरूबाय आहे. चूक आपल्या हाताची होती असं ती अजून धरून आहे. ते खरं नाही, हे जिवंत माणसांत मला एकटीला माहीत होतं. आता तुम्हाला दोघांनाही आहे.

तुमची आजी